शिरवेलची रुपीबाई

यवतमाळ,
होळीआधीचा आठवडा, १९६१

प्रिय शंकरसिंग,

धावजी सकाळीच तांड्यावरून आलाय. आपल्या याडीच्या हातावर चट्टे उठले, तो महारोग आहे, म्हणून पंचांनी तिला नाल्यापलीकडे झोपडी घालून द्यायचं ठरवलं. तुझ्या लेकीच्या, जयाच्या, होणाऱ्या सासरचे लग्न मोडायला निघालेत, हेही कळलं. धावजी म्हणाला, आई स्वतःच बोचकं बांधून बसली आहे. गाण्यातली रुपीबाई मागं राहिली तशी मीही राहीन म्हणते.

म्हणून तुला शिरवेलबद्दल लिहितो. नव्या राज्याच्या सभांसाठी कोकणात गेलो, तेव्हा मुद्दाम त्या बंदराला गेलो होतो. बाप सांगायचा ते सगळं आहे. मिठागरं आहेत, खाडीच्या तोंडाशी पडका बुरूज आहे. आपले बैल बसायचे त्या माळाला लोक अजून लमाणतळ म्हणतात. एके काळी तिथं अरबांची गलबतं लागत, आणि तिथलं मीठ आपल्या गोण्यांतून वऱ्हाडात येई. मग इंग्रजांनी मिठावर पहारे बसवले, रेल्वे आली, बंदर गाळानं भरलं. आता गावात म्हातारी माणसं उरलीत आणि वारा.

रुपीबाईची देवळीही आहे. शेंदूर फासलेला दगड, पुढं मिठाची चिमूट. भरतीचं पाणी तिची पायरी ओलांडत नाही, असं गाव मानतं. आपल्या बाया होळीला लेंगी गाणी गातात, त्यात तापानं फणफणलेली रुपीबाई, तांड्याच्या नायकाची बायको, हसत म्हणते, तांडा थांबवू नका, मी दर्याची राखण करते. मी हे तिथल्या एका म्हाताऱ्या कोळणीला अभिमानानं सांगितलं. ती फटकन म्हणाली,

"राहिली कसली, बाबा? टाकून गेले तिला."

त्यांच्या गावची गोष्ट वेगळी आहे. बाईला देवी आल्या होत्या. पहाटे तांडा उठला, तेव्हा ती बैलांच्या घुंगरांमागं धावली, पडली, परत धावली. कुणी वळून पाहिलं नाही. गावानंही दारं लावून घेतली. तिच्या हाका बंद झाल्यावर भीतीपोटी त्यांनी देवळी बांधली. हसण्याचं गाणं आपण नंतर रचलं, शंकर. टाकून जाणाऱ्यांना झोप यावी म्हणून.

इथले डॉक्टर म्हणतात, हा रोग गोळ्यांनी आटोक्यात येतो. उद्या संध्याकाळी मी गोळ्या घेऊन पोचतो. पंचांशी मी बोलेन, जयाच्या सासऱ्याशीही. पण झोपडी उद्या दुपारीच उभी राहणार, असं धावजी म्हणाला. म्हणून हे पत्र त्याच्या हाती देतोय. ते मनातल्या मनात वाचू नकोस. याडीच्या खाटेशी बसून तिला मोठ्यानं वाचून दाखव. रुपीबाईला जायचं नव्हतं, हे तिला कळू दे. त्यावरही ती जाते म्हणाली, तर ते जयासाठी म्हणते, एवढं ओळख. तेव्हा गप्प बसू नकोस. पंच काही म्हणोत, ती तुझ्या तोंडाकडे बघत असेल.

तुझाच,
देवीलाल