आता अधिक सोपे!

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.
माझी पत्नी वैजयंती हिच्या वर्षश्राद्धास चौदा दिवस उरले. त्या दिवशी तिच्या आठवणींची सोळा पानी पुस्तिका आप्तांस द्यावयाची, असा संकल्प. तीस वर्षे टायपिंग इन्स्टिट्यूट चालविलेल्या मनुष्यास सोळा पाने म्हणजे दोन बैठका. आजच प्रारंभ.

सायंकाळी ५.
प्रारंभ झाला नाही. मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर परस्पर अपडेट झाले. टाइपरायटरचा कळफलक नाहीसा! त्या जागी सूचना : ‘आता अधिक सोपे!’ कोणास? कळफलकावर कापड झाकून मिनिटास चाळीस शब्द टंकणारे माझे हात आज निरक्षर ठरले. कोपऱ्यात मायक्रोफोनचे हसरे चित्र. निर्लज्ज.

४ फेब्रुवारी.
कंपनीस तीन पानी तक्रार धाडली. नाइलाजाने हस्तलिखित, फोटो काढून ईमेलने. पुस्तिकेच्या खोळंब्यास सर्वस्वी तेच जबाबदार.

६ फेब्रुवारी.
उत्तर आले : ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे.’ खाली पाच चेहरे, पैकी एक निवडावा. तीस वर्षांच्या अनुभवास हा पर्याय! निवडणार नाही.
(निवडला. सर्वांत रडका.)

८ फेब्रुवारी.
कन्या आरोही पुण्याहून फोनवर म्हणाली, “बाबा, बोलून टाइप करा की. लई सोपंय.” केवळ कंपनीचा नाकर्तेपणा सिद्ध करण्यासाठी मायक्रोफोन दाबला. स्वच्छ उच्चारात म्हणालो, “कैलासवासी वैजयंती ह्या”. पुढील वाक्याची जुळवाजुळव करीत थांबलो. तेवढ्यात खालून भंगारवाला गेला. पडद्यावर उमटले : ‘कैलासवासी वैजयंती ह्या जुने पेपर रद्दी प्लास्टिक’.
संतापाने जेवण गेले नाही.

१२ फेब्रुवारी.
आरोही आली. सेटिंग्जमध्ये ‘इतर’, त्यात ‘आणखी इतर’, त्यातही तळाशी, असा टाइपरायटरचा कळफलक कोंडून ठेवलेला! तिने पाच मिनिटांत सोडविला. म्हणाली, “झालं. बसा आता.”
बसलो. परंतु पानाचे समास बदललेले आहेत. अशा समासांत तिच्याविषयीचा मजकूर टंकणे तत्त्वात बसत नाही. उद्या दुसरी तक्रार.

१५ फेब्रुवारी.
दुसरी तक्रार पूर्ण. एकोणीस पाने, टंकलिखित, चूक एकही नाही. वेग बेचाळीस.
आरोहीने विचारले, “आणि आईची?” मी मुद्रितशोधनात व्यग्र होतो.

१६ फेब्रुवारी.
श्राद्धविधी यथासांग पार पडला. वैजयंतीची थोरली बहीण मथुराबाई वैरागहून आल्या होत्या. त्यांनी पुस्तिका मागितली. मी त्यांस कंपनीचा अन्याय क्रमवार निवेदन केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “दाजी, त्या मिशिनचं ऱ्हाऊ द्या. आमची वैजू कशी व्हती, तेवढं तोंडानं सांगा की.”
मी उभा राहिलो. घसा साफ केला. तिचे नाव घेतले.
बराच वेळ उभा होतो.
मथुराबाईंनी माझा हात धरून मला खाली बसविले. आरोहीस म्हणाल्या, “वाढ गं पानं.”
जेवणे दीड वाजता आटोपली.