मनोधैर्याचा इन्चार्ज

४ मार्च
साथीच्या वॉर्डातल्या स्टाफचं मनोधैर्य वाढवायचं काम मेट्रनबाईंनी आज माझ्याकडे दिलं. अख्ख्या हॉस्पिटलात शांत डोक्याचा ब्रदर मी एकटाच, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण दुसऱ्या कुणाला दिलं नाही, यातच सगळं आलं. उद्यापासून ड्यूटीआधी सगळ्यांनी थोडा वेळ मोठ्याने हसायचं.

५ मार्च
हसायला तिघी आल्या. धाकटी सिस्टर हसता हसता रडायला लागली. मास्कमुळे फरक फारसा कळत नाही. उपक्रम चालू ठेवावा.

९ मार्च
बायकोचा फोन. बाकीचे घरी येतात, तुम्हीच चादरींच्या खोलीत का झोपता, म्हणाली. म्हटलं, तुमच्या काळजीपोटी. टेस्ट तर निगेटिव्ह आली ना, म्हणाली. म्हटलं, रेंज नाहीये. झोपेचं म्हणाल तर ती लागत नाही. पण झोप ही सवय आहे. मोडता येते.

१२ मार्च
धाकट्या सिस्टरने राजीनामा दिला. हल्लीच्या पोरींत दम नाही. हसायला आज मी एकटाच होतो. बरं हसलो.

१३ मार्च
पेशंटच्या घरी फोन करायचं काम डॉक्टरांनी माझ्या गळ्यात घातलं. माझ्या आवाजात धीर आहे म्हणे. संध्याकाळपर्यंत आवाजच बसला.

१७ मार्च
छोटीशी चूक. खिडकीजवळचे मास्तर पहाटे गेले. दाराजवळचे टेलरकाका सुधारत होते. माझ्याकडून फोनांची अदलाबदल झाली. काकांची मुलगी ऊर बडवत आली, तर काका दूध पीत बसलेले. ती माझ्या पायाच पडली. म्हणजे एकंदरीत आनंदच झाला.
मास्तरांच्या बायकोला मात्र मी सांगून बसलो होतो, आता बरे आहेत, घरचे कपडे घेऊन या. त्या इस्त्रीचा शर्ट घेऊन आल्या. मला चादरी मोजायच्या होत्या. मेट्रनबाईंनीच त्यांना सांगितलं. मी आतून ऐकलं. त्या रडल्या नाहीत. फोनवरचे भाऊ फार गोड बोलले हो, एवढंच म्हणाल्या.

१८ मार्च
मेट्रनबाईंनी समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं. स्टाफबद्दल माझं मत हवं असणार. मुद्दे काढून गेलो. केबिनला कुलूप. शिपाई म्हणाला, बाई स्वतःच रजेवर आहेत, घरी भिंतीकडे बघत बसतात. परत येऊन सांगितलं, तर मेट्रनबाई म्हणाल्या, मग घरी जा, बोलावल्याशिवाय येऊ नका. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ मार्च
घरी आलो. मुलगी मिठी मारायला धावली. लांब हो, असं ओरडलो. ती भिंतीला टेकून उभी राहिली. हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये आलो, तो इथेच आहे.
मघाशी बायको दाराशी येऊन म्हणाली, अहो, सांगायचं नसेल तर नका सांगू, नुसती कडी काढा. आलोच म्हटलं. मास्तरांच्या बायकोला मी जाऊन काय सांगायचं, ते हिलाच विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.
ती अजून बाहेर बसून आहे. मी नळ सोडून ठेवलाय. म्हणजे तिला वाटेल, हात धुणं चालू आहे.