काळ्या पडद्यावरची दुसरी ओळ

गोरेगाव,
२ डिसेंबर २०२५

प्रिय मोहितदादा,

मागच्या पत्रात मी तुला एक चुकीची गोष्ट लिहिली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की दिवाळीत दुकानातल्या कॉम्प्युटरवर अपडेट चालू असताना मी घाईत मशीन बंद केलं, म्हणून माझी लिनक्सची बाजू उडाली आणि तलावांचे सगळे नकाशे गेले. तसं झालेलं नाही. भाऊबीजेच्या आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती, दुकानात नेटच नव्हतं. अपडेट येणार कुठून? पण तू फोनवर विचारलंस, "अपडेट चालू असतानी बंद तं नाही केलंस ना वं?" आणि मला तसं केल्याचं आठवायलाच लागलं. बटणावरचं माझं बोटसुद्धा दिसायला लागलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुलूप लावून निघाले तरी मी अर्ध्या वाटेवरून परत जाऊन ते ओढून बघते.

फोनवर हे बोलता आलं नसतं. तू हसतोस आणि मी काय म्हणत होते तेच विसरते.

शाळेत जायच्या आधी मला अक्षरं तूच शिकवलीस. चुकलं तर पुसू द्यायचा नाहीस. "चुकलेलं राहू दे, बाजूले बरोबर लिव," म्हणायचास. कॉम्प्युटरही तुझ्याकडूनच शिकले. गेल्या उन्हाळ्यात तू पुण्याहून आलास तेव्हा बाबांची बियाण्या-खताची बिलं आणि माझे नकाशे एकाच विंडोजवर चालायचे आणि ते जुनं मशीन गुदमरायचं. तू डिस्कचे दोन भाग केलेस आणि माझ्या भागात पेनड्राइव्हवरून विंडोजपेक्षा हलकं लिनक्स घातलंस. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायला लागल्या. वरची बाबांची, बाण खाली नेला की माझी. बाबा म्हणाले, "एका गोठ्यात दोन मालक कसे राहतीन?" तू म्हणालास, "एका येळेस एकच बैल बांधाचा, बाबा." आई तर मशीनला हळदकुंकू लावून मोकळी झाली.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी माझ्या ओळीत जायचे. आपल्या पणजोबांच्या पिढीनं बांधलेले तलाव, बोड्यांसारखी लहान तळी, त्यांचे पाट, कुठं गाळ साचला, कुठल्या तलावाची पाळ फोडून कुणी धान लावलं, हे सगळं बाबांच्या मोटरसायकलवर मागे बसून पार चोरखमाऱ्याच्या तलावापर्यंत बघून आले आणि काढलं. तलावांवर काम करणाऱ्या नागपूरच्या संस्थेतल्या बाईंना थोडे नकाशे आवडले. बाकीचे पाठवलेस तर इथंच काम करायला ये, असं त्यांनी कळवलं. ही बातमी मी पहिल्यांदा तुला सांगितली, आईलासुद्धा नंतर.

मग दिवाळी झाली, तू परत गेलास आणि दुसऱ्या दिवशी मशीन थेट विंडोजमध्ये उघडलं. माझी ओळ नव्हती. मी रडले, तुला फोन केला, बाईंना कळवलं की माझ्या निष्काळजीपणामुळे काम गेलं. तुला माफीचं पत्र लिहिलं, कारण तू चार दिवस खपून बसवलेलं मी मोडलं होतं. तू व्हॉट्सॲपवर लिहिलंस, "जाऊ दे वं, होते. कायले रडून रायली?"

गेल्या बुधवारी बिलाचं सॉफ्टवेअर जागा कमी आहे म्हणायला लागलं, म्हणून मी डिस्क तपासली. माझा भाग पुसला गेला असता तर तिथं मोकळी जागा दिसायला हवी होती. ती दिसेना. तो भाग जसाच्या तसा होता, फक्त विंडोजला ओळखू येत नव्हता. मशीन सुरू होतानाची सेटिंग उघडायला गेले तर तिनं पासवर्ड मागितला. आधी कधीच मागितला नव्हता. मी आपल्या लाखा बैलाचं नाव आणि पुढे तुझं जन्मवर्ष टाकलं. तू सगळीकडे तेच टाकतोस. उघडलं. माझी ओळ तिथंच होती, बंद करून ठेवलेली. मी ती चालू केली. एकही नकाशा गेलेला नाही, दादा.

अपडेट विंडोजला वरचा नंबर देऊ शकतं, हे मी नीट वाचून घेतलं, तुझ्यावर उगाच आळ नको म्हणून. पण अपडेट आपल्या लाखाचं नाव टाकत नाही.

मंडईच्या जत्रेच्या दिवशी आम्ही सगळे दंडारीचं नाटक बघायला गेलो होतो. गर्दीत डोकं दुखतं म्हणून तू किल्ली घेऊन दुकानात थांबलास. मी तुझ्यासाठी उकडलेले शिंगाडे आणले. त्याच मशीनसमोर बसून ते तू सोलून खाल्लेस आणि अर्धे मला भरवलेस. तेव्हा झालेलं होतं ना सगळं?

का केलंस, हे मला समजत नव्हतं. ते बाबांनी सांगितलं, अगदी सहज, पोती उतरवून घेताना. "मोहित म्हणे, नीतू दुकानात हाये तवरी मले वापस यायची गरज नाही." एवढंच होतं. तू मला सांगितलं असतंस, मला पुणं सोडायचं नाही, तू थांब, तर मी कदाचित थांबलेही असते. ते तुला माहीत होतं. तरी तू विचारलं नाहीस. मला वेंधळी ठरवणं तुला सोपं वाटलं. आणि मी लगेच मानलं, याचं जास्त लागतं.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. नकाशे मी बाईंना पाठवले. चूक माझी नव्हती एवढंच कळवलं, कुणाची ते नाही. त्यांनी जागा अजून ठेवली आहे. बाबांचा हात पोतं उचलताना कापतो, हे मलाही दिसतं, रोज दिसतं. दुकानात तू यायचं की माणूस ठेवायचा, ते तुम्ही दोघं ठरवा. मी जाणार हे मी त्यांना सांगेन. तू काय केलंस ते मात्र तू स्वतः सांग, माझ्या तोंडून ते निघणार नाही. मला भीती वाटते, पण तिकीट काढलं आहे. सोमवारी, १५ डिसेंबरला, मी नागपूरला रुजू होते.

तुझीच बहीण,
नीतू