दर्याकडच्या भिंतीचा गिलावा

वेंगुर्ले,
वैशाख वद्य षष्ठी

ती. सौ. आक्काच्या पायांशी सुभद्रेचा नमस्कार.

भावोजींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना हाताला धरतेस ना त्यांच्या? (नको म्हणतील, तरी धर.) तू पाठवलेलं लुगडं पोचलं. रंग फार छान आहे, पण सध्या या घरात काहीही नेसलं तरी संध्याकाळपर्यंत चुन्याने पांढरंच होतं, म्हणून पेटीत घालून ठेवलं आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी आणि आमचे हे. अलीकडे महादू गवंडीही त्यातच धरावा लागतो. तो घरातला कसा झाला ते सांगते, पण चहा घेऊन बस, कारण मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुला ठाऊक आहेच.

आमची दर्याकडची भिंत तू पाहिली आहेस. खारा वारा खाऊन खाऊन तिचा गिलावा पोपडे धरून सुटला होता. गेल्या पावसात ओल आतपर्यंत आली आणि कणगीतल्या भाताला मोड आले. या पावसात पाणी चिऱ्यांच्या सांध्यात शिरून मधली माती वाहून गेली असती, तर भिंतच बसली असती आणि आम्ही दोघं छत्री धरून दर्या बघत बसलो असतो. म्हणून मी वालावलच्या महादू गवंड्याला निरोप धाडला. चुन्याच्या कामात आणि चुन्यातली फुलं, मोर काढण्यात त्याच्यासारखा हात नाही असं सगळे म्हणतात. तो आला, भिंतीवर बोटाने टकटक करून कान लावून ऐकलं (वैद्यसुद्धा माझी नाडी इतका वेळ धरत नाही), चुना आधी भिजू द्यावा लागेल, वाळू नदीची लागेल, किनाऱ्यावरची खारट चालणार नाही, असं सांगून सामान आणायला गेला.

इथे माझी चूक एवढीच झाली, की ह्यांना न विचारता बोलावलं. तुला माहीत आहे, हे मचव्यावरून कायमचे उतरले त्याला वर्ष झालं. जन्मभर तांडेल म्हणून खलाशांना हुकूम सोडलेला माणूस, आता घरात हुकूम ऐकायला मी आणि एक म्हैस. म्हैस ऐकत नाही. ह्यांचं म्हणणं, घर म्हणजे उलटी घातलेली होडी, तिला गवंडी कशाला हवा? मी शिरोड्याला लग्नाला गेले आणि परत येऊन बघते तर ह्यांनी सगळ्या भिंतीला माशाचं तेल चोपडलेलं. होडीला लावतात ते. आक्का, वाडीतली एकूण एक मांजरं भिंतीकडे तोंड करून कीर्तनाला बसल्यासारखी बसली होती. शेजारची नर्मदा नाकाला पदर लावून आली आणि हळूच विचारलं, घरात कोणाचं बरंवाईट झालं का?

दुसऱ्या दिवशी महादू चुन्याची गाडी घेऊन हजर. त्याने भिंतीला हात लावला, हात हुंगला आणि म्हणाला, "तांडेलानू, तेल लावलल्या भितीक चुनो धरणा नाय."

"जलमभर होडयेक लावतंय," हे म्हणाले, "एक थेंब आत गेलो नाय."

"होडी पाण्यात ऱ्हवता. घर जमनीर आसा."

झालं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. जे काय ते माझ्यामार्फत. महादू मला सांगायचा की तांडेलांना सांगा, भिंत खरवडावी लागेल. हे मला सांगायचे की त्याला सांग, भिंत माझ्या बापाची आहे. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि मधे मी, एका हातात विळी आणि दुसऱ्या हातात बांगडा. शेवटी मी दोघांनाही सांगितलं की माझ्यामार्फत बोलायचं तर जेवण स्वतः रांधा. त्यावर भिंत मुकाट्याने खरवडली गेली.

गिलावा चढला, आणि खरं सांगते, लोण्यासारखा चढला. पण त्याला सारखं पाणी मारावं लागतं, नाहीतर तडकतो. दुसऱ्याच्या कामाला मी पाणी घालणार नाही, असं ह्यांनी जाहीर केलं. वैशाखात विहिरीचा तळ दिसतो, तरी मीच कळश्या ओढल्या. एका पहाटे उठले तर भिंत आधीच ओली! हे पलीकडे पाठ करून दात घासत होते, आणि धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मी कळशी गुपचूप जागेवर ठेवली. (तू हे कुणाला बोलू नकोस.)

उरलेल्या चुन्यात महादू दाराच्या वरच्या भिंतीवर कमळ काढणार होता. ह्यांनी पुन्हा माझ्यामार्फतच कळवलं, कमळ नको, मचवा काढ. महादूने कधी दर्यात पाऊल घातलेलं नाही, तरी काढला. हे अंगणात येऊन बघतात तर शीड एका बाजूला फुगलेलं आणि बावटा उलट्या बाजूला, तेव्हा मला मधे न घालता पहिल्यांदा बोलले.

"शीड हयसर भरलां आणि बावटो तयसर फडफडता? वारो खंयसून येता तां तरी ठरव रे."

महादूला राग येईल म्हणून मी पुढे झाले, तर तो परांचीवरून वाकून म्हणाला, "माका वारो म्हायत नाय. वर येवा आणि दाखवा."

आणि हे चढले! मी खाली परांचीचा बांबू धरून सगळ्या देवांना नवस बोलत होते. वर गेल्यावर ह्यांनी त्याच्या हातातली थापी घेतली आणि ओला चुना ओरबाडून शीड फिरवायला लावलं. "फुडे ओढ, दोर सैल सोड" असे हुकूम सुटले, आणि महादू "व्हय तांडेलानू" म्हणत एकेक दोर वळत गेला. कढी निवली, भात निवला. ह्यांचा तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता, आक्का. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चुलीत फुंकत बसले.

मचवा सुरेख झाला आहे. बंदरावर जाणारी माणसं थांबून बघतात. काम संपलं, पण महादू काही घरी गेला नाही. कालपर्यंत दोघं ओटीवर बसून वाडीतल्या सगळ्या भिंतींना नावं ठेवत होते. असो. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सुभद्रा

ता. क. मुख्य लिहायचं राहिलंच. तुमच्या गॅलरीचा गिलावा पडतो असं तू मागे लिहिलं होतंस, ते ह्यांनी महादूला वाचून दाखवलं. दोघं आज सकाळच्या बोटीने तुझ्याकडे निघाले, चुन्याचं पोतं घेऊन. चाळीच्या मालकाला विचारायला हवं, असं मी म्हटलं, तर मालक आभार मानील म्हणाले. तू मात्र मालकाला विचारल्याशिवाय त्यांना हातोडी देऊ नकोस.

ता. क. पावसामुळे पुढच्या आठवड्यात बोटी बंद होतील. शेवटच्या बोटीच्या दिवशी सोलकढी आणि तळलेली सुरमई कर, म्हणजे जेवून झोपतील आणि बोट चुकेल. चार महिने जरा मला शांतता मिळेल.

ता. क. वरचं खोडलेलं समज. पत्र टाकायला जाताना दाराशी थांबले, तर मचव्याच्या खाली केसाएवढी भेग दिसली. ही कुणामुळे पडली म्हणून भांडायला घरात कोणी नाही. शेवटच्या बोटीने दोघांनाही पाठव.