पहिली तिमाही

डोंबिवली, ४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय नंदाआत्यास दीप्तीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन केला असता, पण आई-बाबांच्या कानावर जाईल म्हणून पत्र. हसू नकोस. मी फार घाबरले आहे.

कोलशेतच्या ज्या संशोधन कार्यालयात मी कंत्राटावर लागले, तिथे चार देशांचं काम आहे. त्यांना एकच चलन करायचंय. तेजी-मंदी चौघांकडे एकाच वेळी येते का, ते मी तपासायचं होतं. 'येते' असं लिहून दिलं. काल कळलं, चुकलं. पहिली तिमाही म्हटलं की आपण एप्रिल धरतो; त्यातल्या एका देशाचं आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं. आकडे जागेवर सरकवले, तर बाकीचे तिघे तेजीत असताना हा मंदीत. चलन एक म्हणजे व्याजदरही एकच. तिघांची तेजी आवरायला तो वाढवला, की याचं कंबरडं मोडणार.

अहवाल सतरा तारखेला जातोय. आमचे प्रमुख महेंद्र सर यांना सांगितलं तर नोकरी जाईल, आणि घर माझ्याच पगारावर आहे. नाही सांगितलं तर कुणाला कळणारही नाही. काय करू?

तुझी,
दीप्ती

खडवली, ८ फेब्रुवारी २०२५

चि. दीप्तीस आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

एवढी शिकलेली पोर, आणि वर्ष कधी सुरू होतं ते विचारायचं राहिलं! रागावू नकोस, पत्र मी दोनदा वाचलं.

दौलतदादाची, म्हणजे तुझ्या बाबांची, नोकरी कशी गेली, ते त्यांनी तुला सांगितलं नसेल. कंपनीचे तीन कारखाने. दोन जोरात, कोलशेतला ऑर्डरच नाही. वरून हुकूम मात्र तिघांना एकच आला, उत्पादन वाढवा. माल गोदामात पडून राहिला, सहा महिन्यांत गेटला कुलूप. वर कुणीतरी 'तिन्हीकडे सारखंच' असं लिहून दिलं होतं.

भीती वाटली तरी सांगून टाक. वेळेवर जेवत जा.

तुझी,
नंदाआत्या

डोंबिवली, १८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आत्यास जयभीम. वि. वि.

सांगितलं. सरांनी अहवाल थांबवला, आकडे नव्याने मांडतायत. मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले.

घरी बोलायची हिंमत झाली नाही. आई रोज डबा भरते, मी साडेआठला निघते, ठाण्यात तलावपाळीला बसून तो खाते आणि सहाला परत येते. काल बाबा म्हणाले, कोलशेत बघून किती वर्षं झाली, एक तारखेला शनिवारी तुझ्याबरोबर येतो, ऑफिस दाखव. मी हो म्हणाले.

लोभ आहेच तुझा. या वेळी तू स्वतः ये, आदल्या दिवशी शुक्रवारीच ये.

तुझी,
दीप्ती