शशीच्या मानेवरची गाठ आणि माझं मौन

सोमवार, ७ नोव्हेंबर १९९४. सकाळी ५.
शशिकलाच्या मानेवर गाठ आलीय. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून तपासू, तारीख कळवतो. शशी घाबरली. मी नाही. नवऱ्याने कणखर राहायचं असतं. आजपासून कार्यक्रम पक्का: पाच ते साडेपाच प्रार्थना, मग तासभर मौन. देवावर संपूर्ण विश्वास बसायला आठवडा पुरे.

मंगळवार, ८.
जाग सहाला. प्रार्थना चार मिनिटं, पण मनापासून. मौनाला बसलो तर शेजारच्या कृष्णाबाईंचा पाण्याचा पंप सुरू. चिठ्ठी लिहून शशीला दिली: ‘पंप बंद करायला सांग.’ ती म्हणाली, तोंडाने सांगा की. आता हिला कसं समजावणार? मौन होतं!

बुधवार, ९.
प्रार्थनेत देवाला स्पष्ट सांगितलं, सगळं तुझ्यावर सोडलंय. मग सहज विचारलं, रिपोर्ट चांगला येईल ना? उत्तराची वाट बघत बसलो. कंपनीची बस गेली. तळोज्याला पोचलो दहाला. साहेब बोलले. तेव्हा नेमकं मौन नव्हतं, त्यामुळे मीही बोललो. मेमो मिळाला. देवाचं उत्तर अजून नाही.

शुक्रवार, ११.
सकाळ सोयीची नाही. मौन आता संध्याकाळी सात ते नऊ. आज बसलो नि शशी समोर येऊन म्हणाली, “अहो, जरा बोलायचंय.” मी ओठांवर बोट ठेवून घड्याळ दाखवलं. ती थोडा वेळ बसून राहिली, मग कृष्णाबाईंकडे गेली. नऊनंतर विचारायचं राहिलं. जेवण होऊन झोपलो.
घरात शांतता वाढतेय. साधनेचा परिणाम.

रविवार, १३.
दिवसभर मौन! शशी दोनदा येऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा चिठ्ठी दिली: ‘उद्या.’ तिने ती वाचली, घडी करून ठेवली. सहकार्य म्हणतात ते हे. प्रार्थनेत मात्र गाठच दिसते. डोळे मिटले की जास्त.

सोमवार, १४. संध्याकाळी ७.
कामावरून आलो तर घराला कुलूप. पायरीवर बसलो. पाऊण तासाने रिक्षा आली. कृष्णाबाईंचा हात धरून शशी उतरली. मानेला पट्टी. तुकडा आजच काढला! मी ओरडलो, मला सांगायचं नाही? शशी आत गेली. कृष्णाबाई म्हणाल्या, “शुक्रवारपासून सांगतेय ती. तुमी आयकताय कुठं? आमी गेलो मंग दोघी.”
 

मंगळवार, १५.
प्रार्थना नाही. मौन नाही. चहा मी केला. शशीने अर्धा ठेवला.

शनिवार, १९.
रिपोर्ट आणायला दोघं गेलो. टीबीची गाठ. डॉक्टर म्हणाले, काही महिने गोळ्या, पूर्ण बरी होईल.
घरी येऊन शशीला विचारलं, भीती वाटली होती? म्हणाली, खूप. तुम्हाला?
म्हणणार होतो, छे, माझा देवावर भरवसा होता. ‘छे’पर्यंत आलो नि पुढे जमेना. बोललो असतो तर रडलो असतो, म्हणूनच तोंड मिटून बसत होतो आठवडाभर. तेच झालं. खाटेच्या कडेला बसून, भिंतीकडे तोंड करून रडलो.
शशी म्हणाली, “इकडे समोर येऊन रडा. माझी मान वळत नाही.”