जपानी खानावळीच्या जिन्यापाशी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
डिसेंबर १९८४

प्रिय शालू,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. बालवाडीतल्या पोरांचे खोकले, शेजाऱ्यांच्या म्हशीला झालेली रेडी, गडहिंग्लजची थंडी, सगळं कळलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचत बसले तेव्हा तुझ्या दाजींनी विचारलंसुद्धा, "एवढं काय हाय गं त्यात?" मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नव्हतं, आणि तेच मला खटकलं. मी संशयी आहे असं तू लहानपणापासून म्हणतेस. दूधवाला जरा हसून बोलला की मी दुधात बोट बुडवून बघते, हे खरं आहे. पण या खेपेला मला कारण होतं. ते सगळं आज सांगते. शेवटपर्यंत वाच, मध्येच डोकं फिरवून चुलीत घालू नकोस.

सुरुवात झाली त्या जपानी जेवणापासून. शिरोलीच्या फाउंड्रीत नवीन मशीन बसवायला जपानी इंजिनिअर आले, म्हणून मालकांनी सगळ्या फोरमनना बायकांसकट शाहूपुरीत जेवायला बोलावलं. तू दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे होतीस, म्हणून तुलाही ओढून नेलं. ती माडीवरची खानावळ केरबाची. पेठ वडगावचा माणूस बोटीवर स्वयंपाकी म्हणून जातो काय, जपानात वर्षानुवर्षं राहतो काय आणि परत येऊन कोल्हापुरात जपानी हॉटेल काढतो काय! मला तेव्हाच वाटलं, इथे काहीतरी पाणी मुरतंय. ज्या गावात रस्सा तिखट नसला तर माणसं ताटावरून उठतात, तिथे हे मिळमिळीत कोण खाणार? इंजिनिअर परत गेले की याचं गिऱ्हाईक कोण? मग माडीवर दुसरा कुठला धंदा चालत असेल, असे सगळे विचार माझ्या मनात जिना चढेपर्यंत येऊन गेले.

वहाणा जिन्यापाशी काढायला लावल्या आणि वर चटईवर बसवलं. जमिनीवर बसून जेवायला आपल्याला जपान कशाला हवं होतं, सांग. खोल्यांना कागदाच्या भिंती. पलीकडचा माणूस शिंकला तरी इकडे कळावं. ती वाटीतली कढत आमटी तुला आवडली, मला तो मीठ विसरलेला पांढरा रस्सा वाटला. मासा कच्चा देतात असं ऐकलं होतं म्हणून मी आधी नखाने टोचून पाहिला, तर तो चांगला तळलेला निघाला. मग बशीच्या कडेला तो हिरवा गोळा दिसला. केरबा लांबून ओरडला, "आक्का, जरा बेतानं!" कोल्हापूरच्या बाईला ठेच्याची भीती घालतोय म्हणून मला चेव आला आणि मी अख्खा गोळा मासळीबरोबर तोंडात घातला. पुढे काय झालं ते तू पाहिलंस. तिखट जिभेला लागतं, घशाला लागतं, पण नाकातून डोक्यात चढणारं तिखट मी जन्मात पाहिलं नव्हतं. डोळे पुसून वर बघते तो तू आणि तुझे दाजी एकमेकांकडे बघून हसताय. सगळेच हसत होते म्हणा. पण तुमचं हसणं मला निराळं वाटलं. आधी काहीतरी ठरलेलं असावं तसं.

तिथून माझं लक्ष लागलं. मंगळसूत्राची शपथ, मला लक्ष ठेवायचं नव्हतं, पण डोळे काय ऐकतात का? तुझे दाजी दर शनिवारी ओव्हरटाइम म्हणू लागले. अंगाला तेलाचा, भट्टीचा वास नाही आणि म्हणे ओव्हरटाइम. घरी आले की मटणाच्या ताटावर अर्धी भाकरी कुस्करून उठायचे. तिकडे तू शनिवारी येणं बंद केलंस. का, तर बालवाडीच्या बायकांचं ट्रेनिंग लागलंय. मी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवायचा फार प्रयत्न केला. तू माझी पाठची बहीण, आई गेल्यावर माझ्या कुशीत झोपलेली. तुझे मालक गुंडूराव उसाच्या ट्रॉलीखाली गेले तेव्हा तुला सावरायला तुझे दाजीच आधी धावले होते. अशा माणसांबद्दल असं मनात आणायचं म्हणजे स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायचं. तरी यायचं ते मनात येतच होतं.

मागच्या शनिवारी शेजारची बयाबाई नळावर म्हणाली, "तुमचं मालक आत्ता जपान्याच्या जिन्यावर दिसलं की वो, आन संगट कोण बाईमाणूस हुतं." तिला मी म्हटलं, फॅक्टरीचं काम असेल. पिशवी घेतली, भाजीला म्हणून निघाले आणि थेट शाहूपुरी गाठली. जिन्यापाशी वहाणा ओळीने लावलेल्या. यांच्या कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणा मी अंधारातही ओळखीन. त्यांच्या शेजारी बायकांचा एक जोड होता. लाल गोंड्याचा, डावा पाय जरा रुंद. चप्पल लाईनीत तुझ्या वाकड्या अंगठ्याचं माप देऊन मीच तो करवून घेतला होता, शालू. दुसऱ्या कुणाच्या पायात तो बसायचा नाही.

वर जाऊन भांडायला हवं होतं. माझा स्वभाव तसाच आहे. पण त्या दिवशी मी पहिली पायरीसुद्धा चढले नाही. मला एवढंच कळलं की विचारलं तर तुम्ही दोघंही काहीतरी सांगाल आणि मी ते खरं मानीन. म्हणून मी तुझा जोड उचलला, पिशवीत मेथीच्या जुड्यांखाली घातला आणि घरी आले. मनाशी म्हटलं, मन स्वच्छ असेल तर ही आज रात्री सांगेल, आक्का, माझ्या वहाणा गेल्या गं, मी कोल्हापुरात आले होते. नाहीतर हे तरी सांगतील. नवी वहाण गेलेला माणूस गावभर बोंबलतो. गप्प कोण बसतो, तर तिथे असल्याचंच ज्याला लपवायचं असतं तो.

हे आले. मी वाढलं. पोट भरलेलं असूनही मुकाट्याने दोन भाकरी खाल्ल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग बुधवारी तुझं पत्र आलं, रविवारी लिहिलेलं. त्यात रेडी होती, वहाणा नव्हत्या. आता तुला कळलं असेल, मी ते एवढं का वाचत होते. शालू, खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी तुझा फोटो भिंतीवरून उतरवला.

काल दुपारी यांना न सांगता केरबाच्या दारात जाऊन उभी राहिले. माझ्या नवऱ्याला आणि बहिणीला खोली देतोस, लाज नाही वाटत, असं जिन्यावरूनच विचारलं. तो तांदूळ धूत होता. तसाच ओल्या हातांनी उठला. मला वाटलं, भांडेल. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "आक्का, खोली कुनाला? दाजी मधी बसत्यात म्हणून तर आमचं बोलनं व्हतंय. त्यांनी पयल्या दिवशीच सांगितलंय मला, बाप न्हाय तिला, तिच्या बापाच्या जागी म्या बसनार. तुम्ही दोघांनी एकटं बसायचं न्हाय." मला पटकन कळेचना. तुम्ही दोघांनी म्हणजे कुणी? मग त्याचं तोंड बघितलं आणि कळलं. इतके दिवस मी नजर ठेवली ती भलत्याच माणसावर. मला ठसका लागला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते आणि हा केरबा तुझ्याकडे, एवढंसुद्धा मला दिसलं नव्हतं.

मला का नाही सांगितलं, हेही त्यानेच सांगितलं. तू म्हणालीस म्हणे, आधी माझं मला ठरवू दे, आक्काला कळलं तर ती पेठ वडगावात जाऊन त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करील. केलीच असती. तरी ऐकून लागलं मला. परक्या माणसाच्या तोंडून आपल्या बहिणीला आपली धास्ती वाटते हे ऐकायला फार वाईट वाटतं गं. या बाबतीत तुझ्याशी भांडायचंय मला, पण आज नाही.

आज हे पत्र लिहायचं कारण त्याने शेवटी सांगितलं. मी म्हटलं, मग आता बार कधी उडवायचा? तो खाली बघून म्हणाला, "आता कुटलं काय, आक्का. बाईंनी न्हाय म्हणून सांगितलं." होकार द्यायलाच तू त्या शनिवारी आली होतीस, हो ना? आणि खाली उतरून बघतेस तो पायात घालायला काही नाही. त्याने स्वतःच्या सपाता पुढे केल्या, तू घेतल्या नाहीस. "गुंडूरावांना बघायला दवाखान्यात धावत गेले ती अशीच अनवाणी, त्यांनीच मला आज अडवलं," एवढंच त्याला बोललीस आणि एस.टी. स्टँडपर्यंत तशीच चालत गेलीस. तुझे दाजी सोबत होते. म्हणून ते घरी येऊन गप्प जेवले. लोक म्हणतात, चप्पल चोरीला गेली की पीडा जाते. तू उलटंच धरलंस. शालू, केरबाला नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. त्याचं नाक आवडत नाही म्हण, त्याची आमटी आवडत नाही म्हण, मी एका शब्दाने विचारणार नाही. पण गुंडूरावांनी अडवलं म्हणून नाही म्हणू नकोस. तो भला माणूस होता. तुला कुणाच्या दारातून अनवाणी पाठवायची बुद्धी त्याला जिवंतपणी झाली नसती, मेल्यावर कुठली होणार? तुला मी अडवलं.

तुझीच,
आक्का